वाचून या, मंग सही

काकाजींच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले ती लग्नात द्यायला पुस्तक घ्यायला, आणि तणतणत रिकाम्या हातानं बाहेर पडले. मैत्रिणीच्या भावाचं लग्न होतं. मी एक जाडजूड, चकचकीत कव्हरचं पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि म्हटलं, "जरा छान कागदात बांधून द्या."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "वाचनार कोन?"

"नवरदेव."

"वाचते काय तो?"

"ते मला काय माहीत?"

"मंग डिनर सेट द्या ना बाप्पा. सप्पी गल्ली भांड्याइचीच आहे." आणि पुस्तक उचलून परत फळीवर ठेवून दिलं!

मी ग्राहक होते हो. पर्समध्ये पैसे होते. 'कसला हा दुकानदार, असं दुकान किती दिवस चालणार' असं बडबडत मी शेजारच्या दुकानातून खरंच एक पितळी समई घेतली. पण माणूस डोक्यात बसला तो बसलाच. पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले, स्वतःसाठी पुस्तक घ्यायला. या वेळी त्यांनी दिलं, पण आधी मला तिथंच उभं करून पहिली दोन पानं वाचायला लावली.

भंडाऱ्यातली ती गल्ली भांड्यांची. काकाजींच्या वडिलांचंही दुकान भांड्यांचंच होतं. वडील गेल्यावर काकाजींनी सगळा माल चुलतभावाच्या दुकानात नेऊन ठेवला आणि रिकाम्या फळ्यांवर पुस्तकं लावली. गल्लीनं ठरवलं, याचं डोकं फिरलं. एक पितळी परात तेवढी त्यांनी ठेवून घेतली होती. ती काउंटरच्या मागे खिळ्याला टांगलेली असे, आणि शेजारी जुन्या तराजूतलं एक वजन. दुकानात कोणी फोनवर मोठ्यानं बोलायला लागलं की काकाजी मागे न बघता ते वजन परातीवर हाणत. ठण्ण! बोलणाऱ्याच्या हातातला फोन पडायचा बाकी राही.

उंच, काटकुळे, पांढरा हाफ शर्ट, पायजमा, आणि कानावर पेन्सिल. त्या पेन्सिलीनं त्यांनी कधी काही लिहिल्याचं मी पाहिलं नाही. पाठ खाजवायला मात्र ती दिवसभर कामात असायची.

दुपारी ते अर्धं शटर ओढून वाचत बसायचे. गिऱ्हाईक वाकून आत बघे. "पान संपू द्या," आतून उत्तर येई. पान संपलं की दुसरं सुरू होई. एकदा मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस असाच बाहेर ताटकळला. कंटाळून त्यानं दारातल्या ढिगातलं एक पुस्तक उचललं, आणि काकाजींचं पान संपलं तेव्हा त्याचं संपेना. काकाजी त्याच्यासाठी चहा घेऊन आले. तो माणूस पुढे दर महिन्याला रीडिंगच्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकायचा, असं काकाजी सांगत. खरं-खोटं देव जाणे, पण सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असे.

खेड्यांवरचे वाचक हा त्यांचा वेगळाच कारभार. कापडी थैल्यांत पुस्तकं भरून ते एसटी स्टँडवर जात आणि ओळखीच्या कंडक्टरच्या हाती देत. लाखांदूरची थैली तिथल्या स्टँडवरच्या पानठेल्यावर उतरे, नाकाडोंगरीची पिठाच्या चक्कीवर. दळण घ्यायला आलेल्या बाया पुस्तक घेऊन जात, वाचून झालं की थैली तशीच परत येई. परत आलेल्या पुस्तकांवर तेलाचे डाग असत, हळदीची बोटं असत. दुसरा दुकानदार असता तर कपाळावर हात मारून घेता. काकाजी हळदीचं बोट उन्हात धरून मला दाखवत. "पाहा मॅडम. हळद लागली. या पुस्तकाचं लग्न झालं."

आणि सही! लेखकाच्या सहीबद्दल त्यांचा कायदा एकच होता. न वाचलेल्या पुस्तकावर सही मिळणार नाही. "जेवला नाही अन् ढेकर देऊन राहिला, अशी गत आहे ते," असं म्हणत.

एकदा त्यांच्याकडे मोठे लेखक आले होते, तिकडचे, राज्याच्या पश्चिमेकडचे. शे-दीडशे माणसं जमली, कोरी पुस्तकं घेऊन रांग लागली. काकाजी टेबलाशेजारी स्टूल टाकून बसले आणि एकेकाची परीक्षा घ्यायला लागले. "पोरगी घर सोडून जाते ते काहून जाते, सांगा." रांग बघता बघता विरळ झाली. लेखक वैतागले, म्हणाले, अहो करू द्या ना सह्या. तर काकाजींनी त्यांनाच विचारलं, "बरं, तुमी सांगा. म्हाताऱ्याच्या कुत्र्याचं नाव काय होतं?" लेखकांना आठवेना! त्यांच्याच पुस्तकातलं कुत्रं! गाडीत बसताना ते कोणाला तरी म्हणाले, "विक्षिप्त गृहस्थ आहे." ते काकाजींच्या कानावर गेलं. त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं, "मानूस चांगला आहे तो. फक्त वाचत नाही."

मी तेव्हा एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर होते. मूळची मोहाडीकडची, विणकरांच्या घरातली. मागाच्या खटखटीत वाढले. दिवसभर कचेरीत शिक्के मारायचे आणि घरी येऊन लिहायचं, असं करत करत एक कादंबरी लिहून झाली. नागपूरच्या एका प्रकाशकानं ती काढलीही. पहिली प्रत मी काकाजींना नेऊन दिली. दोन दिवसांनी दुपारी गेले तर शटर अर्धं ओढलेलं. मी बाहेर उभी राहिले. बऱ्याच वेळानं ते बाहेर आले, डोळे पुसत, आणि म्हणाले, "मॅडम, पार्बता आत्यानं आज मले चहा नाही पिऊ देला." एवढंच. त्यांच्याकडून याहून मोठी पावती कोणाला मिळाल्याचं मला तरी माहीत नाही.

पार्बता आत्या म्हणजे माझ्या कादंबरीतली बाई. तिचा नवरा दुसरी बायको घेऊन येतो. ती रडत नाही, भांडत नाही, माहेरीही जात नाही. आपला माग उचलते आणि पुढच्या छपरीत, ओसरीवर, मांडते, आणि त्या दिवसापासून मरेपर्यंत त्याच घरात राहून नवऱ्याशी एक शब्द बोलत नाही. जे सांगायचं ते मागाला सांगते. "मागा, त्याले म्हण, भात निवून राहिला." नवरा ऐकतो, येतो, जेवतो. सारं गाव हे बघत असतं.

आणि नेमकी ही बाईच कोणाला पटली नाही. एका मोठ्या मासिकात परीक्षण आलं. भाषा चांगली, विणकामाचं वर्णन चांगलं, पण नायिका अविश्वसनीय. आयुष्यभर न बोलता एका छपराखाली राहणारी बाई ही लेखिकेची कल्पना आहे, असं लिहिलं होतं. पुढं पुस्तक हललंच नाही. मग एका सकाळी प्रकाशकांचा फोन आला. माणूस वाईट नव्हता, अवघडून बोलत होता. "मॅडम, गोडाऊन रिकामं करायचंय. उरलेल्या प्रती या महिन्याअखेर रद्दीत काढाव्या लागतील. आणि पुढची कादंबरी म्हणालात ना, ती सध्या राहू द्या. खरं सांगू? अशी बाई असत नाही हो."

रद्दी हा शब्द कानात घेऊनच मी फोन ठेवला. दुसरी कादंबरी अर्धी झाली होती, ती मी ट्रंकेत तळाशी घातली. संध्याकाळी काकाजींकडे जाऊन फोनचं सगळं सांगितलं आणि म्हटलं, "काकाजी, मी लिहिणं सोडून राहिले." आणि इतकी वर्षं कोणापुढे न रडलेली मी, काउंटरवर डोकं ठेवून रडले.

काकाजींनी मला रडू दिलं. मग परात वाजवली. दुकानात आम्ही दोघंच होतो!

"झालं? आता त्या प्रकाशकाले इकडं बलावा. म्हना, कार्यक्रम आहे. अन् उरले ते सप्पे गठ्ठे घेऊन ये म्हना, रद्दी इथूनच टाकू."

"कोण येईल काकाजी माझ्या कार्यक्रमाला?"

"वाचलं हाये त्याइनं. येतीन."

तेव्हा मला कळलं, की पुस्तक आलं तेव्हापासून माझी पार्बता थैल्यांत बसून जिल्हाभर फिरत होती. त्यांनी मला कधी सांगितलंच नव्हतं. तारीखही त्यांनी स्वतःच ठरवली. धान कापून, मळून घरात आल्यावरचा रविवार. त्याआधी बोलावलं तर अर्धी माणसं खळ्यावर असतील, असं त्यांचं म्हणणं. आणि मला एक अट घातली. कार्यक्रमात लेखकानं बोलायचं नाही.

"मग मी करू काय?"

"बसा. तुमी पुस्तकभर बोलल्या. आता त्याइची पाळी."

त्या रविवारी गल्लीत मंडपवाल्याकडच्या लाल खुर्च्या मांडल्या होत्या. मला दुकानाच्या पायरीवर खुर्ची. बाजूला स्टुलावर काकाजी, मांडीवर परात. रद्दी तोवर थांबवून धरलेले प्रकाशक आले, गाडीच्या डिकीतून गठ्ठे काढून भिंतीशी रचले आणि मागच्या ओळीत जाऊन बसले. मी त्या गठ्ठ्यांकडे बघायचं टाळत होते. खुर्च्या मात्र भरत होत्या. लाखांदूरच्या एसटीनं माणसं उतरली, तुमसरकडून आली. हातात पुस्तकं, कव्हरं फाटलेली, कोपरे दुमडलेले. मला धीर यायला लागला होता, तेवढ्यात पुढच्या ओळीतून एक उंचापुरा माणूस उठला. लाखांदूरकडचा किराणा दुकानदार. चेहरा रागानं तापलेला.

"मॅडम, मी भांडाले आलो. आमच्या आत्याची गोष्ट तुमाले कोनं सांगतली?"

मी तोंड उघडलं. ठण्ण! "लेखकानं बोलाचं नाही," काकाजी म्हणाले. "तुमी बोला भाऊ."

"आमची जनाआत्या! मामाजीनं, तिच्या नवऱ्यानं, दुसरी आनली त छपरीत येऊन बसली. मरेपर्यंत त्याच्यासंगं बोलली नाही. जे सांगाचं ते उंबरठ्याले सांगे. उंबरठ्या, त्याले म्हन, खाट आत घे, पानी येऊन राह्यला. आता तुमी उंबरठ्याच्या जागी माग लिवला, त आमाले समजत नाही काय? घरची गोष्ट सप्प्या जिल्ह्यात वाटली तुमी! बाप माझा तीन दिवस जेवला नाही हे आयकून."

मी या माणसाला कधी पाहिलं नव्हतं, त्याच्या गावात कधी पाऊल टाकलं नव्हतं. आणि हे सांगायची सोय नव्हती, कारण परात शेजारीच होती. मला काकाजींचा असा संताप आला म्हणता!

तेवढ्यात तिसऱ्या ओळीतून बारीक पण खणखणीत आवाज आला. "ए बाबू, खाली बस. तुझी आत्या नोहोय ते."

नाकाडोंगरीची आजी. ऐंशीच्या पुढची असेल. नऊवारीचा पदर डोक्यावर, बाजूला नातसून. "ते माझी मोठी बहीन होय. गोदा. अन् ते उंबरठ्याले नाही सांगे, गाईले सांगे. गाईचं नाव कपिली. बाईनं कायजी घेतली, गाय नाही लिवली, माग लिवला. पन मी पह्यल्या पानालेच वळखली."

"आजी, पुस्तकातली बाई छपरीत राहते. आमची आत्या छपरीत राहे."

"मंग माझी बहीन का गच्चीवर राहे?"

लोक हसले, आणि मग जे सुरू झालं ते सुरू झालं. भंडाऱ्यातल्याच विणकरांच्या मोहल्ल्यातल्या एक बाई उठल्या, हात नाचवत म्हणाल्या, "कायले भांडता? पुस्तकात माग आहे म्हंजे मागच होता. ते आमच्या सासूबाईची सासू होय. माग अजून घरात आहे, या पाहाले!" कोणी म्हणे आत्या, कोणी म्हणे बहीण, कोणी आजेसासू. बाजूबाजूच्या दुकानांतले भांडेवाले गिऱ्हाईक सोडून येऊन उभे राहिले. एक कॉलेजातली पोरगी उठली आणि म्हणाली, एवढा अपमान झाला तर ती घर सोडून गेली कशी नाही? त्यावर आजी ताडकन म्हणाली, "ते कायले जाईन? घर सारवलं तिनं, लिपलं तिनं. जाचं असन त तो जाये!" बायांनी अशा टाळ्या वाजवल्या की दोन कबुतरं पत्र्यावरून उडाली.

मागे बघ्यांना आता दम निघेना. काय आहे तरी काय या पुस्तकात, म्हणत त्यांनी गठ्ठ्यांच्या सुतळ्या सोडल्या. प्रकाशकांना आधी कळेचना, मग ते धावत गेले आणि पुस्तकं हातोहात द्यायला लागले. त्यांच्या अंगात उत्साह संचारला. "घ्या, घ्या, मॅडमची सही घ्या पुस्तकावर!"

ठण्ण! "वाचून या, मंग सही!"

"अहो काकाजी, विक्री होतेय!"

"होऊ द्या. सही वाचल्यावर."

प्रकाशकांनी हात जोडले. मलाही हसू फुटलं, त्या सगळ्या तापातही.

पण भांडण काही मिटेना. आत्या कोणाची, हे ठरल्याशिवाय लाखांदूरवाले खाली बसायला तयार नाहीत. शेवटी काकाजी उठले, परात स्टुलावर ठेवली आणि माझ्याकडे वळले. "मॅडम, एक डाव बोला. जे खरं हाये ते."

मी उभी राहिले. काय बोलणार होते मी? समोर तीन घरं, तिन्ही घरांची ती बाई. मागे प्रकाशक, हातात माझं पुस्तक. मी कोणाही एकाचं नाव घेतलं असतं तर त्या क्षणी जिंकले असते. आणि खरं सांगितलं तर प्रकाशकांचंच म्हणणं खरं ठरत होतं. अशी बाई असत नाही. मीच सगळ्यांसमोर तसं सांगणार. पण जीभ खोटं बोलायला तयार होईना.

"मी तिला कधी पाहिलं नाही," मी म्हटलं. "तुमच्या कोणाच्याच घरची गोष्ट मला कोणी सांगितली नाही. पार्बता मी मनानं रचली."

लाखांदूरवाल्याचा चेहरा उतरला. प्रकाशकांनी हातातलं पुस्तक मिटलं. मला वाटलं, संपलं.

आजी नातसुनेच्या खांद्यावर हात ठेवून उठली. दोन ओळी ओलांडून अगदी माझ्या समोर आली आणि समजूत घालावी तशी म्हणाली, "तू लहान आहेस माय. तुले नाही समजत. तू नसन पाह्यली. आमी पाह्यली हाये."

लाखांदूरवाला तिच्याकडे वळला. मग हळूच म्हणाला, "आजी, लय होत्या काय वं अशा?"

"लय होत्या बाबू. घरोघरी होत्या. बोले कोन?"

आधी तो माणूस रडला. मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात, आणि काकाजी वजन घेऊन परात बडवत सुटले, ठण्ण ठण्ण ठण्ण, कानावरची पेन्सिल कुठं पडली त्याचं भान नाही. साठी उलटलेला माणूस, पोरासारखा नाचत होता! माझा ऊर भरून आला. कचेरीतले शिक्के, ते परीक्षण, तो फोन, सगळं त्या आवाजात वाहून गेलं. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता आणि हे सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही.

प्रकाशक गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आले. कपाळावर घाम. "मॅडम, दुसरी आवृत्ती टाकतो," म्हणाले. "आणि ती अर्धी झालेली कादंबरी, ती कधी देताय?" मी म्हटलं, "आधी ही वाचा पुन्हा एकदा." काकाजींनी तेवढं बरोबर ऐकलं आणि मान डोलावली.

मग पायरीपुढं टेबल आलं आणि सह्या सुरू झाल्या. काकाजी स्टूल ओढून टेबलाशेजारी बसले. पहिली आजी.

"वाचलं काय आजी?"

"मले वाचता येत नाही. इनं वाचून दाखवलं, चुलीपाशी बसून. दोनदा."

"मंग चालते. करा मॅडम."

मी पेन उघडला आणि माझं नाव लिहायला घेतलं. आजीनं माझं मनगट धरलं. "तुझं नाव कायले? तिचं लिही."

मी काकाजींकडे पाहिलं. त्यांनी परातीला हातही लावला नाही. मी लिहिलं, गोदावरी. आजीनं ते अक्षर वाचता येत नसताना बोट फिरवून बघितलं आणि पुस्तक पदराखाली घेतलं. मागोमाग लाखांदूरवाला पुढे झाला. त्याच्या पुस्तकावर लिहिलं, जनाबाई. मग विणकर मोहल्ल्यातल्या बाई, मग त्यांच्या मागची, मग तिच्या मागची. रांग गल्लीच्या टोकापर्यंत गेली होती आणि प्रत्येकजण जवळ येऊन, वाकून, एक नाव सांगत होता. अनसूया. सीताबाई. मैना. रखमा. ऊन उतरेपर्यंत मी सह्या केल्या, आणि एकाही पुस्तकावर माझं नाव नव्हतं.